देवमाणसाचा बांध

ही गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. पण लहानांनो आणि थोरांनो, समुद्र तेव्हाही असाच होता, भात असंच पिकत होतं आणि माणसंही साधारण आपल्यासारखीच होती.

त्या राज्याच्या टोकाला, खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली होती. मध्ये एक लांबलचक बांध होता म्हणून गाव होतं. आतून दगड, वरून चिकणमातीचा लेप, आणि पावसाचं पाणी खाडीत सोडायला एक जाड लाकडी दार. भरती आली की खाडी बांधाला धडका देई, ओहोटी लागली की मुकाट मागे सरे. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी आणि खेकडे, दुसऱ्या अंगाला हिरवंगार भात.

हा बांध कुणा एकाचा नव्हता. कापणी झाली की प्रत्येक घर आपल्या भाताचा ठरलेला वाटा बांधाच्या कोठारात आणून घाली. त्या भातातून गवंड्यांची मजुरी निघे, डोंगरातून दगड येई, दाराचं कुजलेलं लाकूड बदललं जाई. कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला, तो बांधाचा कारभारी.

जुना कारभारी वारला, तेव्हा किल्ली कुणाला द्यायची यावर फारसं बोलणं झालंच नाही. सगळ्यांच्या तोंडी रायाजीचंच नाव आलं. रायाजी साधा शेतकरी होता, पण त्याच्या सचोटीची गोष्ट गावभर झालेली होती. एका पावसाळ्यात पुरातून वाहून आलेली परक्या गावची म्हैस त्याच्या दारात येऊन लागली. रायाजीनं तिचं दूध शेजारच्या बाळंतिणीला दिलं, स्वतःच्या पोरीला थेंब दिला नाही, आणि गावोगाव हिंडून म्हशीचा मालक शोधून काढला. असा माणूस असताना दुसऱ्याचा विचार कोण करणार?

किल्ली हातात आली त्या दिवशी रायाजीला जेवण गेलं नाही.

"अहो, असे काय बसलात?" त्याची बायको गोदा म्हणाली. "गावानं मान दिला."

"मान नाही गं, जोखीम दिली," रायाजी म्हणाला. "माझी चूक झाली तर बुडणार गाव."

त्या गावात एक जुनी रीत होती. पीक घरात आलं की कारभाऱ्यानं देवळासमोर गाव बोलवायचं. कोठारात किती भात आलं, कुठे गेलं, किती उरलं ते उभं राहून सांगायचं. मग सगळ्यांना घेऊन बांधावरून चालायचं आणि काय काय दुरुस्त केलं ते दाखवायचं. त्या दिवशी कुणीही काहीही विचारावं, कारभाऱ्यानं उत्तर द्यावं.

पहिल्या वर्षी सगळं गाव जमलं. सगळ्यांत जास्त विचारलं ते मथुआजीनं. मथुआजीचं झोपडं बांधाला अगदी लागून होतं, शेतही सगळ्यांत सखल. पाणी शिरलंच तर आधी तिच्या चुलीत शिरणार.

"दगड कुठल्या डोंगराचा आणलास रे?" तिनं विचारलं. "आणि दाराला लाकूड कोणतं घातलंस? मागच्या खेपेला आंब्याचं घातलं होतं, ते दोन पावसाळेसुद्धा टिकलं नाही."

"सागाचं घातलंय आजी. या, हात लावून बघा."

मथुआजीनं खरंच हात लावून पाहिलं, नखानं खरवडून पाहिलं, मग मान हलवली. रायाजीला वाटलं, छातीवरची धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवली. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

अशी काही वर्षं गेली. बांध भक्कम राहिला, भात चांगलं पिकलं, आणि हळूहळू लोकांना देवळापुढे येण्याचा कंटाळा येऊ लागला. ऊन असायचं, घरी कामं असायची, आणि रायाजी काय सांगणार ते आधीच ठाऊक असायचं. एका वर्षी तर बोलावल्यावर निम्मं गावही आलं नाही. जे आले त्यांच्यात दौलू नावाचा एक बोलका जवान होता. रायाजी सांगायला उभा राहिला, तसा दौलू हात जोडून म्हणाला, "कारभारी, बसा बरं तुम्ही! आम्ही तुमच्याकडून हिशेब घ्यायचा? तुमच्यासारख्या देवमाणसाकडून? आम्हालाच पाप लागेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी आणलेला शेला रायाजीच्या खांद्यावर घातला गेला.

"ते सगळं ठीक आहे," मागून मथुआजीचा आवाज आला. "पण यंदा मातीचा लेप उशिरा का दिला, ते सांग की."

"आजी, गप्प बस!" चारही बाजूंनी लोक ओरडले. "कुणाला विचारतेस, काही कळतं का?"

रायाजीला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. माती वाहणारे बैल आजारी पडले होते, एवढंच. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण खांद्यावर शेला होता आणि त्याला पहिल्यांदाच तो प्रश्न टोचला. इतकी वर्षं झिजलो, आणि ही म्हातारी मला विचारते? तो काहीच बोलला नाही. मथुआजी थोडा वेळ वाट बघत उभी राहिली, मग काठी टेकत निघून गेली.

लक्षात ठेवा, त्या दिवशी रायाजीनं कोठारातला एक दाणाही घेतला नव्हता. पण घसरण सुरू झाली ती त्याच दिवशी.

पुढच्या वर्षापासून हिशेबाचा दिवस जेवणाचा दिवस झाला. लोक जमायचे, पंगत बसायची, रायाजीच्या नावानं जयजयकार व्हायचा. बांधावर कुणी जात नसे.

मग रायाजीच्या मुलीचं लग्न ठरलं. वऱ्हाड अपेक्षेपेक्षा मोठं आलं आणि घरचं भात कमी पडलं. शेजाऱ्याकडे मागायला रायाजीला लाज वाटली. देवमाणसानं हात कसा पसरायचा? कोठार जवळ होतं, किल्ली कमरेला होती. त्यानं काही पोती काढली आणि स्वतःला बजावलं, कापणी झाली की पहिलं काम हेच.

कापणी झाली, आणि त्यानं ती पोती खरोखर परत घातली. कुणाला घेतलेलीही कळली नव्हती, घातलेलीही कळली नाही.

दुसऱ्या खेपेला घराची ओटी बांधायची होती. तेव्हा त्यानं घेतलेल्यातलं निम्मं परत घातलं. तिसऱ्या खेपेला बैलजोडी घेतली, तेव्हा काहीच नाही. दर वेळी मन थोडं कमी खात होतं. पुढे पुढे तर, वर्षानुवर्षं मी राबलो, माझा एवढाही हक्क नसावा का, असं तोच मनाला विचारू लागला.

आणखी एक सवय त्याला लागली. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणी आजारी पडलं, की रायाजी कोठारातून भात काढून त्यांच्या दारात नेऊन टाकी. दौलूच्या बहिणीचं लग्न असंच पार पडलं. "कारभाऱ्यांनी दिलं," असं दौलू सगळीकडे सांगत फिरला. भात गावाचं होतं, नाव रायाजीचं होत होतं. गोदानं एकदा चाचरत विचारलं, "अहो, हे आपल्या घरातलं आहे ना?" रायाजी तिच्यावर असा खेकसला, की तिनं पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

कोठार रिकामं होऊ लागलं, मग बांधाची डागडुजी कशातून करणार? बांधाचं काम करणारा भानू गवंडी म्हणाला, "कारभारी, दगड महाग झालाय. आत पेंढा आणि गाळ भरू, वरून मातीचा लेप देऊ. वरून बघणाऱ्याला काय कळणार?"

रायाजीनं एकवार खाडीकडे पाहिलं. "एवढ्या एका ठिकाणीच हं," तो म्हणाला.

पण एका ठिकाणी भागलं नाही. दर वर्षी कुठे ना कुठे पेंढा भरला गेला. वरून बांध पूर्वीसारखाच दिसत होता, किंबहुना ताज्या लेपामुळे जास्तच छान दिसत होता.

त्या राज्याची राणी अधूनमधून गावोगाव तपासनीस पाठवी. एका पावसाळ्यात, भाताची लावणी नुकतीच आटोपली असताना, असा एक तपासनीस खेचरावर बसून या गावात आला. मध्यम वयाचा, किंचित लंगडणारा, कमी बोलणारा माणूस होता तो. गावानं त्याला रायाजीच्या घरी जेवायला घातलं. तो मन लावून जेवला, माशाची आमटी मागून घेतली, गोदाच्या हाताचं कौतुक केलं. रायाजीचा जीव भांड्यात पडला. हात धुता धुता तपासनीस म्हणाला, "जेवण झकास होतं. आता बांध दाखवा."

ही बातमी ऐकून गाव चिडलं. "आमच्या रायाजीची तपासणी?" लोक म्हणाले. "दुसऱ्या गावी जा म्हणावं, तिथे सापडतील चोर." तपासनिसाबरोबर चालायला कुणीही आलं नाही. तो आणि रायाजी दोघंच बांधावरून निघाले.

तपासनिसानं आधी बांधाकडे पाहिलंच नाही. तो शेतांकडे पाहत चालला होता. बांधाच्या मोठ्या लाकडी दाराच्या अलीकडे एका शेताच्या कोपऱ्यात भाताची रोपं पिवळी पडली होती. तो खाली उतरला, तिथल्या डबक्यात बोट बुडवून त्यानं जिभेला लावलं आणि थुंकला.

"खारट आहे," तो म्हणाला. "पाणी आत झिरपतंय. भरीव दगडातून इतकं झिरपत नाही."

मग त्यानं रायाजीच्या हातातली काठी मागून घेतली आणि बांधाच्या कुशीत जोर लावून खुपसली. काठी हातभर आत गेली. बाहेर काढली तेव्हा तिला कुजलेला पेंढा चिकटला होता.

खाडीवरून बगळे उडत गेले.

"असं किती ठिकाणी आहे?" तपासनिसानं विचारलं.

रायाजी हात जोडून म्हणाला, "महाराज, मी..."

"तुमचं काय व्हायचं ते राणीच्या न्यायानं होईल. ती घाई नाही. घाई याची आहे." त्यानं खाडीकडे बोट दाखवलं. "येत्या पौर्णिमेला मोठं उधाण आहे. सगळं गाव आजपासून राबलं तर बांध वाचेल. मी सांगितलं तर माझं कुणी ऐकणार नाही. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

संध्याकाळी गाव देवळासमोर जमलं. तपासनिसानं पाहिलं ते सांगितलं. पुरतं सांगूनही झालं नाही तोच आरडाओरडा उठला. दौलू तर अंगावर धावून गेला. "खोटं! साफ खोटं! कारभारी, तुम्हीच सांगा. तुम्ही एकदा सांगा म्हणजे संपलं. बांध पक्का आहे ना?"

सगळे चेहरे रायाजीकडे वळले. त्याच्या मुलीच्या लग्नात नाचलेले चेहरे होते ते, त्याच्या नावाचा जयजयकार करणारे. एक शब्द बोलला की हे सगळे चेहरे बदलणार होते. आणि उधाण काय, दर वर्षी येतं. बांध आजवर टिकला, यंदाही टिकेल.

"पक्का आहे," रायाजी म्हणाला.

लोकांनी आनंदानं आरोळी ठोकली. तपासनिसानं रायाजीकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच रायाजीला सोसवेना.

"उधाण होईपर्यंत मी इथेच राहतो," तपासनीस लोकांना म्हणाला. "मला कुणी ओसरी देईल का?"

कुणी देईना. तेव्हा मथुआजी म्हणाली, "माझ्या झोपडीत चला. पाणी आलं तर आपल्याला आधी कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी रायाजी घराच्या दाराशी उभा राहून बांधाकडे पाहत होता. रिमझिम पाऊस होता. बांधावर दोन माणसं दिसत होती. लंगडणारा तपासनीस दगड उचलून नेत होता, आणि मथुआजी डोक्यावर मातीची पाटी घेऊन चढण चढत होती. दर दोन पावलांनी ती थांबे, दम घेई आणि पुन्हा निघे. एवढ्या लांब बांधाला त्या पाटीनं काय होणार होतं?

रायाजी तसाच चिखलातून धावत गेला. त्यानं पाटीला हात घातला. "आजी, द्या ती इकडे."

मथुआजीनं पाटी सोडली नाही. "तुला कशाला?" ती म्हणाली. "तुझा बांध पक्का आहे ना?"

रायाजी तिथेच चिखलात बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग उठला, देवळाकडे गेला आणि घंटा बडवू लागला. लोक हातातली कामं टाकून धावत आले.

"बांध पोकळ आहे," रायाजी म्हणाला. "तपासनीस म्हणतात ते खरं आहे. मी काल खोटं बोललो. कोठारातलं भात मी घेतलं आणि बांधात पेंढा भरला."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग कुणीतरी म्हणालं, "त्या तपासनिसानं दम दिलाय कारभाऱ्यांना!" दुसरा म्हणाला, "बघा, स्वतःवर घेतायत सगळं. केवढं मोठं मन!"

रायाजीला वाटलं, आपल्याला वेड लागेल. तो खोटं बोलला तेव्हा त्यांनी मानलं, आणि आता खरं बोलतो तर मानत नाहीत. त्यानं दौलूचा दंड धरला, त्याला ओढतच बांधावर नेलं आणि मोठ्या दाराशेजारी दोन्ही हातांनी लेप फोडला. आतून काळा, कुजका पेंढा भसाभस बाहेर आला. त्याचा वास सुटला, तसे मागून आलेले लोक जागच्या जागी थांबले.

मग दौलूनं वाकून एक धोंडा उचलला. तो बांधासाठी नव्हता.

तपासनीस मध्ये येऊन उभा राहिला. "त्याचं काय करायचं ते नंतर बघू," तो म्हणाला. "तो धोंडा बांधात घाल. तिथे जास्त गरज आहे."

त्या दिवसापासून गाव राबलं. बायका, पुरुष, म्हातारे, पोरंसोरं, सगळे. लोकांनी घरांच्या पायऱ्या उखडून आणल्या, दळायची जाती आणली, गोठ्यांचे दगड आणले. रायाजी सगळ्यांच्या पुढे होता, त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. कुठे कुठे पेंढा भरलाय ते तो दाखवत होता. पण त्यानं आणि भानूनं इतक्या ठिकाणी आणि इतक्या वर्षांत हात मारला होता, की सगळ्या जागा त्या दोघांनाही आठवेनात.

पौर्णिमेच्या भर दुपारी उधाण आलं. खाडी फुगून बांधाच्या माथ्याला टेकली. मोठ्या दाराजवळची नवी भर टिकली. लोकांचा श्वास मोकळा होतो न होतो, तोच खालच्या अंगाला, जिथे कुणाचं लक्ष नव्हतं तिथे, लेपाचा एक पापुद्रा गळून पडला. मग पाण्याची बारीक धार. मग मोठी. आणि बघता बघता बांधाला खांड पडली.

माणसं वाचली, कारण तपासनिसानं सखल भागातली घरं सकाळीच रिकामी करवली होती. पण मथुआजीचं झोपडं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. गावाची निम्मी शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. ओहोटी लागल्यावर पाणी गेलं, मीठ मात्र राहिलं. आता कित्येक पावसाळे त्या जमिनीत भाताची काडीही उगवणार नव्हती.

राणीच्या वतीनं तपासनिसानं देवळासमोरच न्याय केला. त्यानं रायाजीला विचारलं, "कोठारातलं भात कुठे गेलं?"

रायाजीनं मान खाली घालून सांगितलं. मुलीच्या लग्नात गेलं होतं ते परत घातलं. घराच्या ओटीत गेलं, त्यातलं निम्मं परत आलं. बैलजोडीत गेलं. मग तो अडखळला.

"सगळं सांगा," तपासनीस म्हणाला.

"दौलूच्या बहिणीच्या लग्नात गेलं. आणखीही घरांमध्ये गेलं. मी माझं म्हणून दिलं. त्यांना ठाऊक नव्हतं."

दौलूच्या मुठी आवळलेल्या होत्या, त्या सैल पडल्या. गर्दीतल्या पुष्कळ माना खाली गेल्या. काहींना खरंच ठाऊक नव्हतं, आणि काहींनी ठाऊक करून घेतलं नव्हतं.

"याला गावाबाहेर काढा!" तरीही कुणीतरी ओरडलं. "आमच्या विश्वासाचा घात केला यानं."

तेव्हा मथुआजी उभी राहिली. तिचं सगळं गेलं होतं, म्हणून सगळे गप्प झाले.

"घात केलाच," ती म्हणाली. "त्याची शिक्षा त्याला मिळायलाच हवी, एक कणही कमी नको. पण मी विचारत होते तेव्हा मला गप्प कुणी बसवलं? यानं एकट्यानं? चांगला होता रे हा. आपण किल्ली दिली आणि पाठ फिरवली. त्याला विचारायचं सोडलं, कारण ऊन लागत होतं."

ओरडणारा खाली बसला.

तपासनिसानं निकाल दिला. रायाजीचं कारभारीपण गेलं, आणि पुन्हा कधीही त्याच्या हाती गावाची कोणतीही वस्तू द्यायची नाही असं ठरलं. त्याची शेती आणि बैल बांधाच्या दुरुस्तीसाठी विकले गेले. उंचावरचं त्याचं घर मथुआजीला मिळालं. रायाजी आणि भानू गवंडी यांनी जिथे जिथे पेंढा भरला होता, तो सगळा काढून तिथे दगड बसवायचा, तोही मजुरीशिवाय. आणि गावाला त्यानं बजावलं, "राणीच्या कोठारातून तुम्हाला बियाणं मिळेल. पण हिशेबाच्या दिवशी ज्या घरातून कुणी येणार नाही, त्या घराला नाही."

मथुआजीनं गोदाला घर सोडून जाऊ दिलं नाही. "एवढ्या मोठ्या घरात मी एकटी काय करू?" ती म्हणाली. रायाजी बांधावर एक खोपटं करून राहू लागला. गोदा रोज त्याला भाकरी नेऊन देई. पहिले काही महिने ती बोलत नसे, मग बोलू लागली.

वर्षं गेली. पावसामागून पाऊस पडला, जमिनीतलं मीठ थोडं थोडं धुऊन गेलं. भानू मध्येच आजारी पडून वारला, तेव्हा त्याचा वाटाही रायाजीनं उचलला. त्याचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, बोटं दगडांनी फुटली. आणि एके दिवशी शेवटचा दगड बसला.

तोवर लोकांचा रागही विरला होता. गाव त्याला न्यायला बांधावर आलं. पुढे दौलू होता, आता तोही पोक्त झाला होता. "रायाभाऊ, झालं तुमचं," तो म्हणाला. "चला घरी. आम्ही बघतच होतो तुम्हाला. काम पक्कं असणार याची खात्री आहे आम्हाला."

रायाजी जागचा हलला नाही.

"खात्री कशी झाली?" त्यानं विचारलं. "आत पाहिलंत?"

"पाहायचं काय त्यात?"

"उकरा," रायाजी म्हणाला. "तुम्हाला वाटेल तिथे उकरा. मी सांगेन तिथे नको. आत काय आहे ते आधी डोळ्यांनी बघा. मग मी येतो."

लोक ओशाळले. म्हाताऱ्या माणसाचं काम त्याच्यासमोर कसं उकरायचं? पण तो ऐकेना. शेवटी दौलूनं कुदळ घेतली. एका ठिकाणी उकरलं, आत दगड होता. लांब जाऊन दुसरीकडे उकरलं, तिथेही दगड होता, सांध्यात सांधा घट्ट बसलेला. रायाजी बाजूला उभा राहून पाहत होता, आणि कुदळीच्या प्रत्येक घावागणिक त्याचा चेहरा हलका होत होता.

लेप पुन्हा नीट लिंपून झाल्यावरच तो सगळ्यांबरोबर गावात गेला.

म्हणून मंडळी, ज्याच्या हाती सगळ्यांचं सोपवलं त्याला सगळ्यांनी विचारत राहावं, कारण न विचारता ठेवलेला विश्वास चांगल्या माणसालाही बुडवतो आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही.